बडोद्याचा अर्ज आणि भाड्याची खोली



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काही लिहा, असं कार्यकर्त्यांनी सांगितलं. मी गिरणीत काम केलेला माणूस. शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झालं. त्यामुळे पंडिती लेख माझ्याकडून होणार नाही. पण एक विषय बरीच वर्षं डोक्यात घोळतो आहे, तो मांडतो. तो विषय म्हणजे भाड्याची खोली.

आपल्या तेरखेड्याचं नाव काढलं की लोकांना फटाक्यांचे कारखाने आठवतात. पण गावात सगळ्यांच्या हाताला काम पुरत नाही. पोरं बार्शीला जातात, धाराशिव, लातूर, सोलापूर, पुण्याला जातात. कुणी शिकायला, कुणी कामाला. शहरात उतरल्यावर नोकरीच्या आधी लागते ती डोकं टेकायला जागा. घरमालक आधी गाव विचारतो, मग काम विचारतो, आणि शेवटी विचारतो, "पूर्ण नाव काय?" आडनाव ऐकलं की कालपर्यंत रिकामी असलेली खोली आज "भावाच्या मुलाला दिली" होऊन जाते. हे आपल्यापैकी कितीजणांनी अनुभवलं असेल ते हात वर करायला सांगितलं तर विहारात कळेल.

अशा नकाराविरुद्ध कायदा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. तो कायदा कुणी कृपा म्हणून दिलेला नाही. त्याच्या मागं एका भाडेकरूने केलेला आणि कधीच निकाली न निघालेला एक अर्ज आहे. तो भाडेकरू म्हणजे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि गाव बडोदा.

गावकुसाबाहेरून शहराकडे

गावात आपल्या लोकांना भाड्याच्या घराचा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण गावात आपली जागा आधीच ठरलेली होती. गावकुसाच्या बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून. वतनदारीनं माणूस त्या जागेला बांधला होता. वतनाच्या तुकड्यासाठी रात्री-अपरात्री गावकी करायची आणि त्या बदल्यात बलुतं मागायचं. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे इथं २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वतनाची ही बेडी तोडायची हा बाबासाहेबांचा आग्रह होता. पण बेडी तोडून माणूस शहरात गेला की पुढचा प्रश्न उभा राही : राहायचं कुठं?

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं मोठ्या संख्येनं होती, पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. कांडी भरताना धागा तोंडानं ओढावा लागे आणि विटाळ होईल म्हणून सवर्ण कामगार हरकत घेत. पगार त्याच खात्यात जास्त. गिरणीत जे, तेच चाळीत. खासगी मालकाच्या चाळीत जागा मिळणं कठीण, म्हणून आपली माणसं सुधार ट्रस्टच्या आणि बी.डी.डी.च्या सरकारी चाळींत एकवटली. बाबासाहेब स्वतः परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत कितीतरी वर्षं राहिले. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला माणूस त्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार आणि अभ्यास करत होता.

वसतिगृहांचा इतिहासही याच नजरेनं पाहिला पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढलं. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांच्या संस्थेचं कॉलेज सुरू झालं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. तिथंही वसतिगृहाला तितकंच महत्त्व होतं. कॉलेजात प्रवेश मिळेल हो, पण खेड्यातून आलेल्या आपल्या पोराला शहरात खोली कोण देणार होतं? वसतिगृह म्हणजे घरमालकाच्या नकाराला समाजानं दिलेलं उत्तर होतं.

बडोदा, १९१७

आता मूळ घटनेकडे येतो. बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत आठवणी लिहून ठेवल्या आहेत. मराठीत त्या 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या नावानं आपल्याला माहीत आहेत. त्यातली बडोद्याची हकिगत सगळ्यांनी मुळातून वाचावी. मी इथं भाडेकरूच्या बाजूनं सांगतो.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत शिकले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. म्हणून १९१७ साली ते बडोद्याला रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर, लंडनला शिकून आलेला माणूस स्टेशनाबाहेर उभा राहिला आणि पहिला प्रश्न हाच पडला की जायचं कुठं. हिंदूंच्या खाणावळीत आणि लॉजिंगात जात विचारणार. ओळखीचे मित्र होते, पण ते दारातून आत घेतील याची खात्री नव्हती. शेवटी पारशी लोकांची एक धर्मशाळा असल्याचं कळलं. तिथला म्हातारा रखवालदार म्हणाला की ही जागा फक्त पारशांसाठी आहे. मग तोड निघाली. नोंदवहीत पारशी नाव लिहायचं आणि रोजचं दीड रुपया भाडं द्यायचं.

मंडळी, इथं थोडं थांबून विचार करा. आज आपला एखादा पोरगा आडनावाच्या जागी गावाचं नाव सांगून खोली मिळवतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की पेटीत ठेवायचा, याचा विचार करतो. त्याला आपण "लाज वाटते का?" म्हणून बोलतो. त्याला बोलण्याआधी बडोद्याची नोंदवही आठवा. माणसाला नाव बदलायला लावणारी व्यवस्था दोषी आहे, छप्पर शोधणारा माणूस नव्हे.

ती जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लहान खोली. बाजूला अडगळीनं भरलेलं मोठं दालन. विजेचा दिवा नाही, रखवालदार एक कंदील आणून देई. बाबासाहेब दिवसभर कचेरीत आणि रात्री त्या अंधारात वाचत बसत. आणि याच काळात त्यांनी एक काम केलं ज्याकडे आपलं लक्ष जात नाही. संस्थानचा सरकारी बंगला राहायला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला. रीतसर, लेखी. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी हो म्हटलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी बाबासाहेब कचेरीला निघाले असताना डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, आमची जागा बाटवलीस, असं म्हणत त्यांनी संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावलं. आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. मग एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र होता. त्यानं बायकोला विचारावं लागेल असं सांगून विषय टाळला. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथं हजारो लोक जमतात.

आपण त्या बागेतल्या अश्रूंबद्दल भाषणं करतो, गाणी म्हणतो. ते बरोबरच आहे. पण अर्जाबद्दल कुणी बोलत नाही. तो अर्ज वेळेवर निकाली निघाला असता तर? माणूस काठीनं जसा बेघर होतो, तसाच टेबलावर पडून राहिलेल्या कागदानंही होतो. पुढच्या कायद्यात या दोन्ही गोष्टींची दखल कशी घेतली गेली, तोच आता आपला विषय आहे.

'घर भाड्याने देण्यास नकार' : या शब्दांचा प्रवास

१९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची एक योजना सादर केली. त्यात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. अस्पृश्यानं हक्क बजावला की गाव त्याचं काम बंद करतं, दुकानदार माल देत नाही, ही गोष्ट त्याच सुमारास मुंबई सरकारच्या स्टार्ट कमिटीनेही नोंदवली होती. बाबासाहेब त्या कमिटीचे सभासद होते. पण बहिष्कार म्हणजे नेमकं काय, हे कायद्याच्या भाषेत सांगायला हवं होतं. बाबासाहेबांनी ती व्याख्या ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी उचलली. तो कायदा अस्पृश्यांसाठी केलेला नव्हता, पण त्याचे शब्द आपल्या कामाचे होते. त्या व्याख्येची सुरुवातच होती : जो दुसऱ्याला घर किंवा जमीन भाड्याने देण्यास अथवा वापरू देण्यास नकार देतो, तो बहिष्कार टाकतो.

१९४७ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं घटना समितीसाठी बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन तयार केलं. त्यातही ही व्याख्या पुन्हा आली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं, तेच संविधानाचं कलम १७. आणि त्याच्या आधारावर अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्या कायद्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात बहिष्काराची व्याख्या आहे. ती उघडून पाहा. पहिलाच मुद्दा : घर किंवा जमीन भाड्याने देण्यास नकार देणे. लंडनमध्ये मांडलेले शब्द पंचवीस वर्षांनी भारताच्या कायद्यात बसले.

त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आणखी स्पष्ट आहे. कोणत्याही वस्तीत राहण्याचं घर बांधणं, मिळवणं किंवा त्यात राहणं, याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. लगेच पुढं धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांचाही उल्लेख आहे. बडोद्याची आठवण झाल्याशिवाय ही ओळ मला वाचताच येत नाही.

या विधेयकावर १९५४ साली राज्यसभेत बोलताना बाबासाहेबांनी त्याच्या नावाला हरकत घेतली होती. हा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तसं नाव द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ऐकलं गेलं नाही. १९७६ साली दुरुस्ती झाली आणि कायद्याला 'नागरी हक्क संरक्षण कायदा' हे नाव मिळालं. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

१९७६ च्या दुरुस्तीत नावाहून मोठ्या गोष्टी झाल्या. कमीत कमी एक महिन्याची शिक्षा ठरली. तडजोड करून गुन्हा मिटवण्याची वाट बंद झाली. आणि कलम १० मध्ये स्पष्टीकरण आलं की, या कायद्याखालच्या गुन्ह्याच्या तपासात जो लोकसेवक जाणूनबुजून हयगय करील, त्यानं गुन्ह्याला साहाय्य केलं असं समजलं जाईल. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरवत बसणारा आता निव्वळ आळशी ठरत नाही, तो गुन्ह्यातला भागीदार ठरतो.

आपल्या हातात काय आहे

घरमालक सहसा तोंडावर जात काढत नाही. "फॅमिलीलाच देतो", "आधीच दिली", "आमच्यात नॉनव्हेज चालत नाही" अशी कारणं येतात. बडोद्याच्या मित्राचे नोकर निघून जाणार होते, त्यातलाच हा प्रकार. मग सिद्ध कसं करायचं? इथं कलम १२ कामाला येतं. या कायद्याखाली गुन्हा ठरणारी कृती अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडली असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दुसऱ्या बाजूनं सिद्ध करायचं.

पण आपल्या बाबतीत इथं एक गाठ होती, ती इतिहास म्हणून माहीत असावी. १९५० च्या आदेशाप्रमाणे केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा होता. १९५६ साली शीख धरले गेले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण धम्म स्वीकारला आणि त्या यादीबाहेर गेलो. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. चौतीस वर्षं गेली. म्हणून जातीच्या दाखल्याची नक्कल जवळ ठेवा, तक्रारीला जोडा.

१९८९ साली अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. आपल्या माणसाला घर, गाव किंवा राहण्याची जागा सोडायला भाग पाडणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. खोली मिळाली, मागाहून जात कळली आणि सामान बाहेर काढलं, अशा वेळी हे कलम आठवा. २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही आला. या कायद्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, असा नियम आहे.

मी सूतगिरणीत असताना एका तालुक्याच्या गावी खोली घेतली होती. अनामत दिली, सामान टाकलं. आठवड्यात मालकाला कळलं आणि "पाहुणे येणार आहेत, खाली करा" सुरू झालं. अनामतही देईना. आम्ही दोघं-तिघं कामगार मिळून तक्रार घेऊन गेलो. ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "मिटवून घ्या." दुसऱ्या दिवशी कलमं लिहून पुन्हा गेलो आणि पोहोच मागितली. शिक्का मारून पोहोच मिळाली. पुढच्या चार दिवसांत अनामत घरी आली. ती खोली काही मिळाली नाही, दुसऱ्या गल्लीत मिळाली. पण शिक्का मारलेल्या एका कागदाचं वजन किती असतं ते तेव्हा कळलं.

तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. नकार मिळाला की त्याच दिवशी तारीख, वेळ, पत्ता आणि मालकाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा. "खोली भाड्याने देणे आहे" या पाटीचा किंवा जाहिरातीचा फोटो घ्या. मोबाईलवर बोलणं झालं असेल तर ते पुसू नका. खोली बघायला एकट्यानं जाऊ नका, साक्षीदार लागतो. शक्य असेल तर वेगळ्या आडनावाच्या मित्राला त्याच दिवशी तीच खोली विचारायला पाठवा. डॉ. सुखदेव थोरात यांनी सहकाऱ्यांसह दिल्ली परिसरात याच पद्धतीनं पाहणी केली होती, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी भाड्याचं घर विचारलं, तेव्हा दलितांना नकार मिळाले आणि मुस्लिमांना त्याहून जास्त मिळाले.

ठाण्यात गुन्हा नोंदला की त्याची प्रत फुकट मिळते, ती घ्याच. नोंदून घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, तिच्याकडे प्रत द्या. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगालाही पाठवा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागं फिरू नका. अनुसूचित जातीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

अजून काय बाकी आहे

कायदा पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकान, उपाहारगृह, हॉटेल, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत, पण भाड्याच्या खासगी घराचं नाव नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, सोसायटीला आपलं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवता येतं, असा निकाल दिला. आणि धर्म पाहून खोली नाकारली गेली, तर त्या मुस्लिम बांधवासाठी आपल्यासारखा फौजदारी कायदाही नाही. भाड्याच्या घराबाबत कुणाशीच भेदभाव करता येणार नाही असा सरळ कायदा व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आपल्या एकट्यापुरतं मागणं बाबासाहेबांच्या शिकवणीत बसत नाही.

तोवर जे हातात आहे ते वापरू. माझी एक सूचना आहे. विहारात एक नोंदवही ठेवावी. गावातून शिकायला, कामाला गेलेल्या ज्या कुणाला खोली नाकारली गेली त्यानं तारखेसह ती हकिगत त्यात लिहावी. स्वतःच्या खऱ्या नावानं. रविवारच्या वंदनेनंतर लिहिता-वाचता येणाऱ्या दोघांनी बसून त्याचा तक्रारअर्ज तयार करून द्यावा आणि पोहोच मिळेपर्यंत सोबत जावं.

बडोद्याचा अर्ज करणारा माणूस एकटा होता, त्याच्यासोबत ठाण्यात वा कचेरीत जाणारं कुणी नव्हतं. आपण एवढे जण आहोत.

जय भीम!

(एक गिरणी कामगार, तेरखेडा)